कडता

सांगलीच्या मार्केट यार्डात मी मापाडी आहे.
काट्यावर चढायच्या आधीच पोतं मला कळतं,
हळद किती, ओल किती,
नुसत्या तागाचं वजन किती.
स्वतःला मात्र आठ महिने
शर्ट काढून, दुपारी, कुणी नसताना
त्याच काट्यावर चढवतोय
आणि हिशोब लागत नाही.

अठ्ठावन्न होतो. तुरकाटी म्हणायचे.
वारा सुटला की ऐवळे हमाल ओरडायचा,
"मापाड्यावर एक पोतं ठेवा रं, उडंल!"
आता एकाहत्तर.
दंडात दीड इंच, मांडीत दोन,
आणि पोटावर एक मऊ घडी,
खाली बसलो की मांडीला टेकते,
जुनी ओळख असल्यासारखी.

संक्रांतीला पट्ट्याचं एक भोक सोडलं.
बुधगावच्या लग्नात मेव्हणा म्हणाला,
"काय दाजी, सुटला की वो!"
पंगत हसली. मीही हसलो,
वरनं भात मागून घेतला,
आणि रात्री मोरीतला दिवा न लावता
अंघोळ केली.

नियामतभाईंची जिम हरिपूर रस्त्याला.
खाली पिठाची गिरणी, वर लोखंड.
ज्वारीची पिठी जिन्यातून वर येते,
बारवर बसते, खडू लागत नाही.
आरसा मधोमध तडकलेला,
त्यात मी दोन भागांत दिसतो:
वरचा, ज्याच्यासाठी पैसे भरले तो;
खालचा, आमच्या गल्लीतला वाणी.

"भाई, उद्यापासून दूध बंद.
केळी बंद, रात्रीचा भात बंद.
पोट दिसायला लागलंय."
त्यांनी वही काढली. तेलकट, दोऱ्यानं बांधलेली.
वहीत माझं पोट कुठंच नव्हतं.
जून: साठ किलो, तीन वेळा, तिसऱ्याला थरथरला.
फेब्रुवारी: एकशे दहा, पाच वेळा,
उचलताना घाटगेशी गप्पा मारत होता.
"हे कुणी उचललं?" भाई म्हणाले,
"तुझ्या मेव्हण्यानं?"

घरी चालत आलो.
हरिपुरात वडील पेवात उतरायचे,
आधी कंदील सोडायचे खाली,
विझला तर थांबायचे.
महापुरानं ती पेवं गेली,
त्यांचं एक वाक्य राहिलं:
जमिनीतली हळद बाहेर काढली
की घातल्यापेक्षा भरते थोडी जास्त. ओल धरते.
म्हणून कुणी माल परत पाठवत नाही,
कडता धरतात आणि घेतात.

मी रोज कडता धरतो.
पोत्यामागे इतकं, ओलीमागे इतकं,
शेतकऱ्याच्या तोंडाकडे न बघता.
पाच पोती कच्ची हळद
शिजवून, वाळवून, ढोलात घोळवून
एक पोतं सोनं होतं, हे यार्डातलं पोरगंही सांगेल.
पण आधी ती पाच
उगवावी लागतात.

हे रोज पटतं असं नाही.
काल पटलं नाही. टेलरकडे गेलो होतो,
त्यानं टेप कमरेला लावला, आकडा मनात ठेवला,
आणि "थोडी माया सोडतो आत" म्हणाला,
इतक्या हळू, की लाजच वाटली.
रात्री अंडी उकडून तशीच ठेवली.
मग साडेदहाला उठलो,
मीठ लावून चारही खाल्ली,
सिंकजवळ उभ्यानं.

आज सकाळी ऐवळेच्या पाठीवरनं पोतं सरकलं.
विचार करायला वेळ नव्हता.
खाली वाकलो, कंबर घट्ट, श्वास पोटात,
त्याच पोटात,
आणि पोतं छातीशी आलं, थपीवर गेलं.
ऐवळे काही बोलला नाही.
तंबाखू मळली, अर्धी मला पुढं केली.
मी खात नाही, त्याला माहीत आहे.

दुपारी काटा बाहत्तर म्हणाला.
पावतीच्या मागे लिहिलं:
कडता अंदाजे चार किलो,
वसुली पावसाळ्यानंतर.
मग शर्टाचं खालचं बटण लावलं,
श्वास आत न ओढता.